बारा जोड्यांचा डीएनए: प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात दरवर्षी एक तरी डीएनए असतोच. थर्माकोलचे गोळे, रंगीत स्ट्रॉ आणि शिडीला हाताने दिलेला पीळ. बारावीच्या पोरांनी यंदाही तोच बेत मांडला. होकार दिला, पण अट घातली की पीळ आपण द्यायचा नाही. बंधांच्या लांब्या आणि कोन खरे घ्यायचे, आणि त्यातून जो आकार उभा राहील तो राहू द्यायचा. वरवर कटकटीची अट आहे, पण रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून मला थर्माकोलची शिडी आता बघवत नाही.

प्रमाण ठरलं: १ अँग्स्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) म्हणजे ५ सेंटीमीटर. डीएनएच्या नेहमीच्या, म्हणजे बी रूपात, बेसच्या (म्हणजे डीएनएच्या 'अक्षरांच्या', शिडीच्या पायऱ्यांच्या) दोन लागोपाठच्या जोड्यांमध्ये ३.४ अँग्स्ट्रॉमचं अंतर असतं, ते आपल्याकडे १७ सेंटीमीटर होईल. सर्पिलाचा व्यास २० अँग्स्ट्रॉम, म्हणजे एक मीटर. लॅबचा दरवाजा तीन फुटी आहे. जोडणी हॉलमध्येच करावी लागणार.

क्रम कोणता घ्यायचा यावर पोरं वाद घालत होती. मी सीजीसीजीएएटीटीसीजीसीजी सुचवला. बी रूपाच्या डीएनएचा पूर्ण एक फेरा स्फटिकात अणू-अणूपर्यंत पहिल्यांदा दिसला तो याच बारा अक्षरी तुकड्यात, १९८० साली, कॅलिफोर्नियात रिचर्ड डिकरसन यांच्या गटाला. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांची १९५३ची रचना तंतूंवरच्या क्ष-किरणांच्या डागांवरून बांधलेली होती, स्फटिकाची साक्ष मिळायला सत्तावीस वर्षं गेली. शिवाय हा क्रम स्वतःचाच पूरक आहे (ए समोर टी, सी समोर जी). दोन्ही साखळ्या सारख्याच, फक्त उलट्या दिशेने उभ्या. त्यामुळे सामानाची यादी सुटसुटीत होते: ग्वानिन (जी) ८, सायटोसिन (सी) ८, ॲडेनिन (ए) ४, थायमिन (टी) ४. शर्करा २४. फॉस्फेट मात्र २२, कारण प्रत्येक साखळीच्या सुरुवातीला फॉस्फेट नाही, नुसता हायड्रॉक्सिल आहे.

२६ नोव्हेंबर

बेसच्या पट्ट्यांची रेखाटनं पूर्ण. अॅल्युमिनियमच्या दोन मिलिमीटर पत्र्यातून लेझरने कापायच्या. बेस पूर्ण सपाट असतात, त्यामुळे पत्रा चालतो. शर्करा सपाट नसते, तिला सळया लागतील.

एका मुलीने इंटरनेटवरून घेतलेल्या आकृतीत ग्वानिनच्या सहाव्या कार्बनवर ओएच होता. हे इनॉल रूप. नेमकी हीच आकृती जेम्स वॉटसन यांनाही नडली होती. त्या वेळच्या पुस्तकांत ग्वानिन आणि थायमिन इनॉल रूपात छापलेले असत, आणि ते तसेच धरून वॉटसन सारख्याला सारखा बेस जोडत बसले होते. केंब्रिजच्या त्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनह्यू या स्फटिकशास्त्रज्ञाने सांगितलं की कीटो रूप घे. एक हायड्रोजन ऑक्सिजनवरून शेजारच्या नायट्रोजनवर सरकला, की हायड्रोजन बंधात देणारा घेणारा होतो आणि घेणारा देणारा. सगळं जुळणीचं गणितच पालटतं. वर्कशॉपमधून धातूच्या पट्ट्या यायला उशीर होत होता म्हणून वॉटसन यांनी पुठ्ठ्याचे बेस कापले आणि २८ फेब्रुवारी १९५३च्या सकाळी टेबलावर सरकवता सरकवता जोड्या लागल्या. आपला विज्ञान दिनही २८ फेब्रुवारीचा, पण तो रामन परिणामासाठी, १९२८चा. योगायोगच, पण पोरांना भारी आवडला.

पुठ्ठ्याचे बेस आम्हीही कापले. लेझरला पैसे घालण्याआधी ते बरं.

४ डिसेंबर

पुठ्ठ्यावरची जुळणी. ॲडेनिन-थायमिनमध्ये दोन हायड्रोजन बंध, ग्वानिन-सायटोसिनमध्ये तीन. एका अणूपासून समोरच्या अणूपर्यंत २.८ ते ३ अँग्स्ट्रॉम, म्हणजे आपल्याकडे १४–१५ सेंटीमीटर. पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्ट्या वापरायच्या ठरलं, म्हणजे हे बंध बाकीच्यांपेक्षा वेगळे आणि कच्चे आहेत हे दिसतं. एकूण ३२ पट्ट्या लागतील.

ग्वानिन-सायटोसिनचा तिसरा बंध १९५३च्या मूळ आकृतीत नव्हता. तो १९५६ साली लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी दाखवून दिला. ज्या पॉलिंगची स्वतःची डीएनए-रचना चुकली म्हणून सगळे त्यांना हसतात, त्यांनीच ही दुरुस्ती केली. ही गोष्ट फलकावर घालायची.

१३ डिसेंबर

शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडे गेलो. मधोमध एक उभा आटेदार रॉड, त्यात एकावर एक बारा जोड्या ओवायच्या आणि वर-खाली नट लावून कसायच्या, अशी कल्पना. बी रूपात सर्पिलाचा अक्ष बेसच्या जोडीतूनच जातो, म्हणून हे जमतं.

मिस्त्रींनी ड्रॉइंग उलटसुलट करून बघितलं. "सर, भोक मधोमध नको व्हय? ह्ये तर एका अंगाला आलंय. तोल जाणार की."

भोक एका अंगालाच आहे, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बेस शर्करेला जिथे जोडला जातो तो शर्करेचा पहिला कार्बन, सी१′. जोडीतल्या दोन सी१′ना जोडणारी रेघ काढली तर अक्ष त्या रेघेवर नसतो, तो सुमारे अडीच अँग्स्ट्रॉम बाजूला असतो. आपल्या मापाने साडेबारा सेंटीमीटर. कारण बेस आणि शर्करा यांना जोडणारे दोन बंध समोरासमोर एका रेषेत नसून दोन्ही एकाच बाजूला कललेले आहेत. मिस्त्रींना म्हटलं, प्रत्येक पुढची जोडी ३६ अंशांनी फिरवायची आहे, दहा जोड्यांत तोल परत येतो. ते म्हणाले, "दहात येईल. वरच्या दोनांचं काय?" त्यासाठी पायथ्याला जड प्लेट घेतली.

त्यांचा पुढचा प्रश्न पैशाचा होता: बारा जोड्यांना किती वेगवेगळ्या जिग (भोकं पाडायचे साचे) कराव्या लागतील? चार तऱ्हा आहेत: एटी, टीए, जीसी, सीजी. मी चारही ड्रॉइंग एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. अक्षाचं भोक आणि दोन्ही सी१′ची भोकं चारही कागदांवर एकाच जागी. दोन्ही प्रकारच्या जोड्यांत सी१′ ते सी१′ अंतर सुमारे १०.५ अँग्स्ट्रॉमच भरतं, फरक किरकोळ. बंधांचे कोनही तेच. मोठा प्युरीन (ए किंवा जी) समोर छोटा पिरिमिडीन (टी किंवा सी) घेतो म्हणून हे होतं.

मिस्त्री खूश, एकाच जिगवर भागलं. मला मात्र परत येताना बसमध्ये हेच डोक्यात होतं. बाहेरच्या कण्याला, म्हणजे शर्करा-फॉस्फेटच्या साखळीला, आत कोणतं अक्षर आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणूनच कुठलाही क्रम लिहिता येतो. पूरक जोड्यांबद्दल आपण वर्गात इतकं बोलतो, पण जोडी पूरक असणं पुरेसं नाही, सगळ्या जोड्या एकाच मापाच्या असणं हेही तेवढंच लागतं. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीतही नाही.

२२ डिसेंबर

शर्करेची कडी. सहा मिलिमीटरच्या सळया, टोकांना ग्रब स्क्रूचे सांधे. कार्बन-कार्बन ७.६५ सेंटीमीटर, कार्बन-ऑक्सिजन ७.१५. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर ०.०२ अँग्स्ट्रॉमचा फरक, तेवढा चालेल.

पाच अणूंचं कडं सपाट बसवायला गेलं तर सळया आपोआप वाकायला बघतात. सी२′ कार्बन पातळीच्या वर काढला की ताण जातो. बी रूपात शर्करा अशीच असते.

एकाने विचारलं, "सर, दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन नाही, एवढ्यासाठी नावात 'डीऑक्सी'? काय फरक पडतो?" फार पडतो. आरएनएमध्ये तिथे ओएच आहे, आणि तो शेजारच्याच फॉस्फेटवर चाल करू शकतो. अल्कलीत आरएनए याच मार्गाने तुटतो: दोन आणि तीन क्रमांकाच्या ऑक्सिजनमध्ये फॉस्फेटचं कडं तयार होतं आणि साखळी सुटते. डीएनएकडे ते हत्यारच नाही, म्हणून तो तशा अल्कलीत साखळी म्हणून टिकतो. दोन धागे एकमेकांपासून सुटतात, ती वेगळी गोष्ट. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून डीएनए वाचता येतो, त्यामागच्या कारणांत हे एक आहे.

मग तोच मुलगा थायमिनवर आला. युरासिलवर एक मिथिल गट जास्त, कशाला हा खर्च? सायटोसिनमधला अमिनो गट पाण्याने अधूनमधून निघून जातो आणि त्याचं युरासिल होतं. डीएनएत युरासिल मुळात नसेल, तर दिसलेलं प्रत्येक युरासिल बिघाड म्हणून ओळखता येतं आणि पेशी ते काढून टाकते. मिथिल गट म्हणजे असली मालाचा शिक्का. पोरगं चांगलं आहे, प्रश्न अडवणुकीचे विचारतं.

५ जानेवारी

फॉस्फेट. शर्करेच्या तिसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन, फॉस्फरस, पुढच्या शर्करेच्या पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन: हा दुवा. केंब्रिजच्याच अलेक्झांडर टॉड आणि डॅनियल ब्राउन यांनी तो १९५२ साली पक्का केला. वॉटसन-क्रिक यांच्या गोष्टीत टॉड यांचं नाव सहसा येत नाही. पण ३′ ते ५′ हा दुवा ठाऊक नसता तर कोणत्या सळीला कोणती सळी जोडायची हेच कुणाला कळलं नसतं.

फॉस्फरसला नारिंगी रंग, दोन मोकळ्या ऑक्सिजनांना लाल. त्या दोघांत मिळून एक ऋण भार. २२ फॉस्फेट, २२ ऋण भार. एक मुलगी म्हणाली, मग हे एकमेकांना ढकलणार नाहीत का? ढकलतात. म्हणून तर ते बाहेर, पाण्यात, सोडियम-मॅग्नेशियमच्या संगतीत हवेत. पॉलिंग यांनी फेब्रुवारी १९५३मध्ये छापलेल्या रचनेत तीन साखळ्या होत्या आणि फॉस्फेट आत, एकमेकांना हायड्रोजनने धरून. पण ते हायड्रोजन शरीराच्या पीएचला जागेवर राहतच नाहीत. नावातच आम्ल आहे, ते हायड्रोजन सोडणारच. आमच्या बारावीच्या धड्याने पकडता येईल अशी चूक, आणि केली कुणी, तर रासायनिक बंधांवर ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई त्यांनी. डीएनएची क्ष-किरण छायाचित्रं घेणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन मात्र आधीपासून सांगत होत्या की फॉस्फेट बाहेर आहेत. नमुन्यात पाणी किती सहज शिरतं-निघतं हे त्यांनी आर्द्रता बदलून स्वतः बघितलं होतं.

१६ जानेवारी

आज जे झालं त्यासाठीच अट घातली होती.

हॉलमध्ये रॉड उभा केला. खालच्या दोन जोड्या १७ सेंटीमीटरवर कसल्या, पण एकमेकींच्या बरोबर वर, न फिरवता. मग पोरांना म्हटलं, आता कणा जोडा. फॉस्फरसपासून पुढच्या फॉस्फरसपर्यंत सहा बंध आहेत. त्यांना त्यांच्या कोनांत बसवलं की दोन फॉस्फरसमधलं अंतर होतं सुमारे ३३ सेंटीमीटर. आणि जागा आहे १७ची. पोरं सळ्या दाबतायत, फिरवतायत, एकाने तर गुडघा लावला. बसेना.

मार्ग दोनच. एक, वरची जोडी उचलून ३३ सेंटीमीटरवर न्यायची. मग सरळ शिडी मिळते, पण दोन पायऱ्यांच्या मध्ये मोठी पोकळी पडते. पाणी तिथे शिरणार, आणि बेसच्या सपाट तळांना पाण्याचं वावडं आहे. ते एकमेकांना चिकटूनच राहू बघतात. दुसरा मार्ग म्हणजे उंची १७च ठेवायची आणि जास्तीची लांबी आडवी खर्च करायची. वरची जोडी रॉडभोवती फिरवली. तीस अंशांच्या पुढे गेल्यावर सळ्या सैल पडल्या, ३६वर सांधा हाताने बसला.

पीळ हा असा येतो. कुणी शिडीला धरून पिळलेली नाही. कणा लांब आहे, बेस पातळ आहेत, आणि दोघांचंही ऐकायचं तर फिरण्यावाचून गत्यंतर नाही. हे मला वीस वर्षांपूर्वी माझ्या शिक्षकांनी सळ्या हातात देऊन दाखवलं असतं तर फार बरं झालं असतं.

३६ अंश ही दहा जोड्यांच्या फेऱ्याची सोय. द्रावणात फेरा साडेदहा जोड्यांच्या आसपास असतो. डिकरसन यांच्या स्फटिकातला तुकडा थोडा वाकलेलाही आहे आणि प्रत्येक पायरीचा कोन वेगळा. आम्ही सरळ आणि एकसारखा ठेवला. फलकावर तसं लिहायचं.

२४ जानेवारी

बाराही जोड्या उभ्या. दोन कणे पूर्ण. एका साखळीत शर्करेच्या कडीतला ऑक्सिजन वर बघतो, दुसरीत खाली. विरुद्ध दिशा म्हणजे काय हे पाच आणि तीनचे आकडे न लिहिता दिसतं.

खाचा सुंदर आल्या. भोक एका अंगाला होतं ना, त्याचा हा परिणाम. दोन कण्यांमधलं अंतर एका बाजूने मोजलं तर अक्षाच्या दिशेने ६० सेंटीमीटरच्या थोडं वर, दुसऱ्या बाजूने ११०च्या थोडं आत. बेरीज १७०, म्हणजे फेऱ्याची उंची. भोक सी१′च्या रेघेवर मधोमध असतं, तर दोन्ही खाचा सारख्या झाल्या असत्या.

फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२मध्ये किंग्ज कॉलेजात घेतलेल्या, ५१ क्रमांकाच्या छायाचित्रात फुलीसारख्या डागांच्या ओळी दिसतात आणि चौथी ओळ गायब असते. दोन साखळ्या एकमेकींपासून फेऱ्याच्या तीन-अष्टमांश अंतरावर सरकलेल्या असल्या तर ती ओळ पुसली जाते. १७०चे तीन-अष्टमांश म्हणजे ६४. पोरांनी टेप लावून पुन्हा मोजलं. इतक्या जवळ येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

प्राचार्य बघायला आले. छान आहे म्हणाले, आणि विचारलं, "या प्लेटांच्या मध्ये एवढी मोकळी जागा, तिथे काय असतं?"

काही नसतं, कारण जागाच नसते. बेसच्या कड्याची जाडी, इलेक्ट्रॉनच्या ढगासकट, ३.४ अँग्स्ट्रॉम आहे. खरं तर पत्रा दोन मिलिमीटरचा नाही, १७ सेंटीमीटरचा हवा, आणि वरची-खालची जोडी टेकलेली. आपली प्रतिकृती इथे फसवते, आणि जगातली बहुतेक चित्रंही. बघणाऱ्याला वाटतं की मधले हायड्रोजन बंध हाच काय तो आधार. पण बेसची एकावर एक थप्पी बसण्यातून मिळणारा आधार त्यांच्याहून जास्त आहे. हायड्रोजन बंध मुख्यतः कुणासमोर कोण हे ठरवतात.

एका थरात तीन रिकामी खोकी रंगवून घातली, जाडी दाखवायला. पोरांनी ती काढून तिथे एक सपाट पुठ्ठा घुसवता येतो का बघितलं. डीएनए रंगवायला वापरतात ते इथिडियम ब्रोमाइड, कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन ही मंडळी हेच करतात: दोन जोड्या दूर सारून मध्ये शिरतात. जागा करायला वरची जोडी आणखी १७ सेंटीमीटर उचलावी लागली, आणि कणा ताणला गेल्यामुळे ती उलट फिरवावी लागली. इथिडियममुळे पीळ उलगडतो हे वाचलेलं होतं, आज नट सैल करताना हाताला कळलं.

१० फेब्रुवारी

फ्लेक्स आला. देखणा आहे, पण त्यावरचा डीएनए डावखुरा. डिझायनरने कुठलंसं तयार चित्र टाकलं होतं. लॅबमधल्या मामांनी खिशातून बोल्ट काढून फ्लेक्ससमोर धरला आणि म्हणाले, "हे आटे उलटे आहेत." साध्या बोल्टचे आटे आणि बी डीएनए, दोघांचा पीळ उजवा. उलट करून बघितला तरी उजवाच राहतो. आरशात मात्र डावा होतो, आणि चित्र आडवं पालटलं की नेमकं तेच होतं.

डावा डीएनए नसतोच असं नाही. १९७९ साली अलेक्झांडर रिच यांच्या गटाला सीजीसीजीसीजी या तुकड्यात तो स्फटिकात सापडला, त्याला झेड रूप म्हणतात. पण त्याचा कणा नागमोडी, फेऱ्याला बारा जोड्या. फ्लेक्सवरचं गुळगुळीत चित्र त्यातही बसत नाही. नवा छापून घेतला.

१९ फेब्रुवारी

जोडीला केळ्याचा डीएनए. केळं, भांड्याचं लिक्विड, मीठ, गाळणं आणि बर्फात ठेवलेलं स्पिरिट. मीठ कशाला, याचं उत्तर आता पोरं प्रतिकृतीकडे बोट दाखवून देतात: नारिंगी गोळ्यांवरचे ऋण भार सोडियमने झाकायचे. पाण्यात सोडियम दूर-दूर फिरतो, स्पिरिट घातलं की तो फॉस्फेटला जाऊन बसतो, ढकलाढकली संपते आणि धागे वर येतात. त्या धाग्यांत प्रथिनं आणि आरएनएही असतात, हे सांगायला विसरू नका म्हणून बजावलं आहे.

२८ फेब्रुवारी

गर्दी. आठवी-नववीची पोरं, पालक, एक निवृत्त पोस्टमास्तर. सगळ्यांत जास्त वेळ लोक कुठे थांबले, तर मुलांनी ठेवलेल्या दोन सुट्या जोड्यांपाशी. कुणालाही वरची जोडी फिरवून कणा बसवता येत होता. न फिरवता बसवण्याचा प्रयत्न प्रत्येकाने केला. एकदा ग्रब स्क्रू निखळून दोन शर्करा खाली आल्या, बाकी काही नाही.

एका पालकांनी विचारलं, यात जीन कुठे आहे? बारा जोड्यांत नाही, हा नुसता एक फेरा. माणसाच्या एका पेशीत सहाशे कोटींच्या घरात जोड्या आहेत. या प्रमाणात त्या मांडल्या तर दहा लाख किलोमीटर लागतील. फळ्यावर गणित करून दाखवलं. त्यांनी शून्यं दोनदा मोजली.

५ मार्च

सोडून ठेवलं. प्रत्येक पत्र्यावर क्रमांक कोरून घेतला, सळ्या लांबीप्रमाणे बांधल्या.

पुढच्या वर्षी याच सामानातून ए रूप करायचं ठरवतो आहे, नमुना कोरडा पडला की फ्रँकलिन यांना दिसायचं ते. शर्करेत सी२′च्या जागी सी३′ वर काढायचा, म्हणजे फॉस्फरसमधलं अंतर ५.९ अँग्स्ट्रॉमवर येतं. फेऱ्याला ११ जोड्या. तिथे जोड्या आडव्या नसतात, चांगल्याच कलतात. आणि त्या अक्षापासून साडेचार अँग्स्ट्रॉम बाजूला सरकतात, मधोमध पोकळी पडते. म्हणजे आपला आटेदार रॉड मोकळ्या हवेतून जाणार, एकाही पत्र्याला शिवणार नाही. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, प्रत्येक जोडीला आडवा हात काढू, साडेबावीस सेंटीमीटरचा, टोकाला कलतं बूच. आणि पायथ्याची प्लेट याहून जड लागेल. ड्रॉइंग एप्रिलच्या आत मागितलंय, कारण नंतर त्यांच्याकडे सीझनची घाई.